जुने सेसना १७२ चौघांत मिळून घ्यावे का?

सांजवारा, सॅन होजे

सर्वांना नमस्कार. आम्ही चार मराठी मित्र येथील रीड-हिलव्ह्यू विमानतळावरच्या एका फ्लाइंग क्लबची विमाने भाड्याने घेऊन उडतो. चौघांकडेही खासगी वैमानिकाचा परवाना आहे. क्लबबद्दल तक्रार नाही, परंतु शनिवार-रविवारचे आरक्षण मिळणे दिवसेंदिवस कठीण होत चालले आहे, आणि कोठे मुक्कामाला जायचे म्हटले की विमान नुसते उभे राहिले तरी रोजच्या किमान तासांचे भाडे भरावे लागते. त्यामुळे स्वतःचे विमान घेण्याचा विचार गेले काही महिने मनात घोळत आहे.

आमच्या पाहण्यात १९७५ सालचे एक सेसना १७२एम, म्हणजे चार आसनांचे एका इंजिनाचे छोटे विमान, आले आहे. त्याचे लायकोमिंग ओ-३२० इंजिन १५० अश्वशक्तीचे असून १९९८ मधील ओव्हरहॉलनंतर (म्हणजे पूर्ण उघडून केलेल्या नूतनीकरणानंतर) ते ६०० तास चालले आहे. कंपनीने दोन ओव्हरहॉलमधील अंतर २००० तास सांगितलेले असल्यामुळे अजून १४०० तास निश्चिंत उडता येईल, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. रंग नवा आहे आणि गेल्या वार्षिक तपासणीत चारही सिलिंडरचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवेचा दाब धरून ठेवण्याची क्षमता, ८० पैकी ७४ च्या वर आले होते.

मला तीन गोष्टींवर अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. या इंजिनाविषयीचा विक्रेत्याचा हिशेब बरोबर आहे का? आमच्यापैकी दोघे अमेरिकेचे नागरिक आहेत, एकाकडे ग्रीन कार्ड आहे आणि एक जण एच-१बी व्हिसावर आहे. अशा चौघांच्या नावे विमान घेता येते का? आणि कुटुंबांना घेऊन उन्हाळ्यात डोंगरांतल्या लेक टाहो या तलावाकाठी जाण्याची आमची फार इच्छा आहे, तिला हे विमान पुरे पडेल का?

उत्तरवारा, लिव्हरमोर

आपण नोंदी वाचून प्रश्न विचारला आहे, म्हणून उत्तरही तपशिलाने देतो. विक्रेत्याचा हिशेब मला मान्य नाही. लायकोमिंगची शिफारस दोन भागांची आहे: २००० तास किंवा १२ वर्षे, यांपैकी जे आधी येईल ते. विक्रेता त्यातला पहिला अर्धाच भाग सांगत आहे. स्वतःसाठी उडणाऱ्या खासगी मालकावर ही मुदत कायद्याने बंधनकारक नाही, त्यामुळे हे इंजिन चालवणे नियमबाह्य ठरत नाही. पण मुदतीमागचे कारण समजून घेतल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

लायकोमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा उंचवट्यांचा दांडा, क्रँकशाफ्ट या मुख्य फिरत्या दांड्याच्या वर बसवलेला असतो. इंजिन बंद झाले की तेल हळूहळू निथळून तळाशी जाते आणि सर्वांत वरचा हा भाग आधी उघडा पडतो. विमान आठवड्यातून एकदा तासभर नीट तापेपर्यंत उडत असेल तर तेलात साठलेली वाफ निघून जाते आणि कॅमवर नव्याने तेल बसते. तेच विमान महिनोन्‌महिने उभे राहिले तर कॅमच्या उंचवट्यांवर आणि त्यांना टेकून झडपा ढकलणाऱ्या टॅपेटवर बारीक गंज धरतो. पुढे इंजिन सुरू केल्यावर त्या गंजाच्या जागा खरवडल्या जातात आणि कठीण केलेला पृष्ठभाग सोलवटू लागतो. १९९८ पासून ६०० तास म्हणजे सरासरीने वर्षाला जेमतेम बावीस-तेवीस तास झाले. त्यातही सरासरी फसवी असते. पहिल्या पाच वर्षांत ४०० तास आणि नंतर दोन दशके जवळजवळ काहीच नाही, असेही असू शकते. म्हणून लॉगबुकात प्रत्येक वार्षिक तपासणीच्या वेळी टॅकोमीटरचा, म्हणजे इंजिनाचे तास मोजणाऱ्या यंत्राचा, जो आकडा लिहिलेला असतो, तो वर्षवार कागदावर उतरवून काढा. विमान केव्हा उडाले आणि केव्हा पडून राहिले हे अर्ध्या तासात डोळ्यांसमोर येईल.

कॉम्प्रेशनचे आकडे चांगले आहेत याचा अर्थ पिस्टनच्या रिंगा आणि झडपा हवा धरून ठेवतात, एवढाच आहे. कॅमशाफ्टविषयी ती चाचणी काहीही सांगत नाही. त्यासाठी तेलाचा फिल्टर कापून पाहावा लागतो. मेकॅनिक फिल्टरचा डबा कापून आतला चुण्या घातलेला कागद बाहेर काढतो, तो उलगडून स्वच्छ द्रवात खंगाळतो आणि खाली बसलेल्या गाळातून लोहचुंबक फिरवतो. चुंबकाला चमकदार कणांची मिशी चिकटून आली तर ते पोलाद आहे आणि ते बहुधा कॅम किंवा टॅपेटचे आहे. शंका उरली तर एक सिलिंडर उतरवून कॅम प्रत्यक्ष पाहता येतो. विक्रेते याला सहसा राजी नसतात, परंतु खर्च आम्ही देऊ आणि सिलिंडर पूर्ववत बसवून देऊ असे लेखी कळवल्यास काही जण तयार होतात. तो मुळीच तयार नसेल, तर ओव्हरहॉल लगेच करावा लागणार आहे असे धरून किमतीची बोलणी करावीत.

एक गोष्ट मात्र या विमानाच्या बाजूने सांगितली पाहिजे. १९७७ ते १९८० मधील १७२एन विमानांत ओ-३२०-एच२एडी हे इंजिन आले, आणि त्याच्या टॅपेटच्या झिजेमुळे त्याच्या तेलात विशिष्ट पूरक द्रव घालण्याची सक्ती करावी लागली. आपण पाहत असलेल्या १७२एममध्ये त्याआधीचे, कमी दाबाचे आणि फार सोशिक इंजिन आहे. ते नियमित उडत राहिलेले असेल तर माझी त्याला मनापासून पसंती आहे.

दिशादर्शिका, सॅक्रामेंटो

मी आणखी दोघांबरोबर बराच काळ एका विमानाची सहमालक आहे, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मी देते. अमेरिकेत विमानाची नोंदणी एफएएच्या, म्हणजे केंद्रीय विमान वाहतूक प्रशासनाच्या, ओक्लाहोमा सिटी येथील नोंदणी शाखेत होते, आणि व्यक्तीच्या नावे ती करायची तर ती व्यक्ती नागरिक किंवा कायम निवासी असावी लागते. ग्रीन कार्ड असलेल्या आपल्या मित्राला त्यामुळे अडचण नाही. मात्र अर्जात 'पार्टनरशिप' हा प्रकार निवडू नका, कारण त्या प्रकारात प्रत्येक भागीदार नागरिकच असावा लागतो. नागरिक आणि ग्रीन कार्डधारक एकत्र असतील तर 'को-ओनरशिप' हा प्रकार घ्यावा. हा फरक लक्षात न आल्याने अर्ज परत आल्याची उदाहरणे माझ्या माहितीत आहेत.

एच-१बी व्हिसावरील मित्राचे नाव थेट नोंदणीत येऊ शकत नाही. परवाना मिळवण्यास राष्ट्रीयत्व आड येत नाही, पण विमान स्वतःच्या नावे करण्यास येते. नागरिक विश्वस्त नेमून ट्रस्टच्या नावे विमान ठेवणे कायदेशीर आहे आणि अनेक जण तसे करतात. त्यासाठी विमानविषयक कायदा जाणणारा वकील आणि विश्वस्ताचे वार्षिक शुल्क यांची तरतूद करावी लागते. चौघांत एकच जण अडत असेल, तर तिघांनी सहमालक व्हावे आणि चौथ्याचे नाव विमा कंपनीला वैमानिक म्हणून आधीच कळवावे, हे मला अधिक सरळ वाटते. 'परवानगीने उडवणारा कोणताही वैमानिक' अशा मोघम अटीवर विसंबू नका. त्या अटीत एकूण तास आणि त्या जातीच्या विमानावरील तास यांची किमान मर्यादा असते, आणि ती तो मित्र पूर्ण करतो का, हे पॉलिसी वाचूनच कळते.

विमान घेण्यापूर्वी करारनामा लिहा. मैत्री आहे म्हणून तो टाळू नका. मैत्री आहे म्हणूनच तो लिहायचा असतो. त्यात सर्वांत महत्त्वाचे कलम बाहेर पडण्याचे आहे: एखाद्याची बदली झाली, वैद्यकीय प्रमाणपत्र गेले किंवा घरी मूल झाले आणि त्याला हिस्सा विकायचा झाला, तर किंमत कोण ठरवणार, इतरांना पहिला हक्क किती दिवस राहणार आणि नवा माणूस सर्वांच्या संमतीशिवाय येऊ शकणार का. त्यानंतर पैशांचे कलम. टाय-डाउन (उघड्यावर विमान बांधून ठेवण्याची जागा) किंवा हँगर, विमा आणि वार्षिक तपासणी हा खर्च कोणी उडो वा न उडो, समान वाटून दरमहा जमा करावा. इंधन ज्याने जाळले त्याने भरावे. इंजिनासाठी टॅकोमीटरच्या प्रत्येक तासामागे वेगळी रक्कम बाजूला टाकावी. ओव्हरहॉलला समजा ४० हजार डॉलर धरले, तर २००० तासांना विभागून तासाला २० डॉलर होतात. आपल्या विमानाला तेवढे तास मिळणार नाहीत हे वरील उत्तरावरून दिसतेच आहे, म्हणून दर त्याहून जास्त ठेवावा.

सांजवारा, सॅन होजे

दोघांचेही मनःपूर्वक आभार. आम्ही आज लॉगबुकच्या प्रती मागवल्या आणि टॅकोमीटरचे आकडे वर्षवार मांडले. २००९ ते २०१६ या काळात विमान एकूण ३१ तासच उडालेले दिसते, शिवाय ते त्या वेळी समुद्रकाठच्या विमानतळावर उघड्यावर उभे होते. फिल्टर कापून पाहण्याची अट आम्ही विक्रेत्याला घातली आहे. टाहोविषयी आणि इंधनाविषयी कोणी लिहिले तर बरे होईल. रीड-हिलव्ह्यूवर १ जानेवारी २०२२ पासून १००एलएल हे लहान विमानांचे शिसेयुक्त पेट्रोल विकणे बंद आहे, त्यामुळे या जुन्या इंजिनाचे पुढे काय, ही चिंता आहे.

गिरिवाट, रीनो

मी डोंगराच्या या बाजूला उडतो, तेव्हा टाहोचे मी सांगतो. १७२एमचे कमाल वजन २३०० पाउंड आहे. या वयाच्या विमानांचे रिकामे वजन, मधल्या काळात बसवलेली उपकरणे धरून, साधारण १४५० पाउंडांच्या आसपास भरते. आपल्या विमानाचा खरा आकडा त्याच्या वजन-संतुलनाच्या कागदावर पाहा. उरलेल्या ८५० पाउंडांतून ३८ गॅलन इंधनाचे २२८ गेले की माणसे आणि सामान यांच्या वाट्याला सहाशेच्या वर थोडे राहतात. म्हणजे चार प्रौढ आणि भरलेल्या टाक्या हे गणित सॅन होजेच्या समुद्रसपाटीलाच जमत नाही.

साउथ लेक टाहोची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ६२६० फूट उंच आहे. जुलैतल्या दुपारी तापमान ३० अंश सेल्सिअस असेल, तर हवा इतकी विरळ होते की विमानाच्या दृष्टीने ती उंची ९००० फुटांच्या वर जाते. इंजिन बरीच शक्ती गमावते, प्रोपेलर आणि पंख यांनाही धरायला कमी हवा मिळते. धावपट्टी लांब असल्याने विमान जमीन सोडते आणि वैमानिकाला सर्व ठीक वाटते. खरी अडचण त्यानंतर चढाईच्या वेगाची असते, कारण तिन्ही बाजूंना डोंगर आहेत. मी तेथून निघताना सकाळी लवकर निघतो, दोघांहून अधिक प्रौढ घेत नाही, इंधन आणि हवेच्या मिश्रणातले इंधन त्या उंचीला साजेसे कमी करतो आणि तलावावर वळणे घेत पुरेशी उंची मिळाल्याशिवाय खिंडीकडे तोंड करत नाही. पहिली खेप तेथील प्रशिक्षकाबरोबरच करा. १५० अश्वशक्तीचे १७२ टाहोला जाऊ शकते, परंतु दोन कुटुंबे घेऊन नव्हे.

इंधनाची चिंता मात्र आपल्या विमानाला कमी आहे. ओ-३२०-ई२डी हे मुळात ८० ऑक्टेनच्या पेट्रोलवर प्रमाणित झालेले इंजिन आहे, त्यामुळे पूरक प्रमाणपत्र (मूळ रचनेतील बदलाला एफएएची मान्यता) घेऊन ९४ ऑक्टेनचे बिनशिशाचे इंधन त्यात वापरता येते. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०३१ पासून शिसेयुक्त इंधनाची विक्री राज्यभर बंद होणार आहे, तेव्हा असे इंजिन असणे हा फायदाच ठरेल. प्रमाणपत्राचा कागद विमानाच्या नोंदींत लागल्याशिवाय ते टाकीत भरू नका.

सह्यकडा, पुणे

इंधनाचा विषय निघाला म्हणून थोडे. आमच्याकडे लहान विमानाचे पेट्रोल बराच काळ परदेशातून आणावे लागत होते. इंडियन ऑइलने २०२२ मध्ये बडोद्याच्या रिफायनरीत ते बनवणे सुरू केले. पुरवठ्याच्या आणि किमतीच्या या अडचणींमुळेच येथील अनेक प्रशिक्षण संस्थांनी जेट इंधनावर चालणारी डिझेल इंजिनांची विमाने घेतली. तुम्हाला घरापासून तासाभरात दहा विमानतळ आणि प्रत्येक ठिकाणी मेकॅनिक मिळतो, ही सोय मोठी आहे. विमान घेतलेत तर ते उडते ठेवा, एवढीच आमची आस्थेची विनंती.

उत्तरवारा, लिव्हरमोर

सात वर्षांत ३१ तास आणि तेही खाऱ्या हवेत, हे वाचून मी सिलिंडर उतरवून कॅम पाहण्याचा आग्रहच धरेन. त्याच भेटीत पंखांच्या तपासणी-झाकणांतून दिव्याने आत पाहावे आणि ॲल्युमिनियमवर पांढरी पूड किंवा रंगाखाली फोड आहेत का, हे शेपटीपर्यंत बघावे. नवा रंग पाहून मला उलट अधिक बारकाईने पाहावेसे वाटते.

सेसनाच्या आसनांच्या रुळांवर एफएएचा कायमचा तपासणी-आदेश आहे, तोही विसरू नका. आसन ज्या खिळीने रुळाच्या भोकात अडकते ती भोके वर्षानुवर्षांच्या वापराने लांबट होतात. उड्डाणाच्या वेळी विमान नाक वर करू लागले की आसन मागे घसरते, वैमानिक नकळत हातातले योक, म्हणजे नियंत्रणाचे चाक, धरून ठेवतो, नाक आणखी वर जाते, आणि अशा रीतीने प्राणघातक अपघात झालेले आहेत. आसनावर बसा, खिळी अडकल्याचा आवाज ऐका आणि पाय टेकवून जोराने मागे रेटून पाहा. आसन जरादेखील हलले तर रूळ बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

तपासणी करणारा मेकॅनिक विक्रेत्याच्या नेहमीच्या ओळखीतला नसावा. ओक्लाहोमा सिटीहून विमानाच्या संपूर्ण नोंदी मागवून घ्या, त्यात मोठ्या दुरुस्त्यांचे अर्ज आणि विमानावर कोणाचे कर्ज नोंदलेले आहे का, हे दोन्ही कळते. तपासणी लिव्हरमोरला होणार असेल तर मला कळवा, फिल्टर कापताना मी उपस्थित राहीन.