हॅम रेडिओ: पंचवीस वॅटचा चिनी ड्युअल बँड (दोन फ्रिक्वेन्सी पट्ट्यांवर चालणारा) सेट की पैसे साठवून मोठा?

नमस्कार मंडळी, नागपूरहून विचारतोय. मानेवाड्यात घर आहे. सध्या बाओफेंगच्या हातातल्या वॉकीटॉकीवर भागतंय, पण पाच वॅटमध्ये जवळच्याच मंडळींपर्यंत माझा आवाज पोचतो. आता गच्चीवर अँटेना आणि खाली मोबाइल रेडिओ (म्हणजे गाडीत बसवतात तसला सेट), असा बेत आहे. कधीमधी तोच गाडीतही लावीन.

बजेट कमी, म्हणून क्यूवायटी केटी-८९०० किंवा एनीटोन एटी-७७८यूव्ही डोक्यात आहे. दोन्ही साधारण २५ वॅटचे. यासू, आयकॉमचे ५० वॅटवाले दिसतात झकास, पण मग १३.८ व्होल्टला दहा-बारा अँपिअर देणारा पॉवर सप्लायही घ्यावा लागतो, तो खर्च कोणी मोजतच नाही! शिवाय २५ चे ५० केले तरी फरक ३ डीबीच (डेसिबल). समोरच्याच्या सिग्नल मीटरवर जेमतेम अर्धा एस-युनिट (मीटरवरचा एक अंक). आणि गच्चीपासून २० मीटर आरजी-५८ (पातळ कोअॅक्स केबल) ओढली तर ४३५ मेगाहर्ट्झला निम्म्याहून जास्त पॉवर केबलच खाते. म्हणून मला तर रेडिओ स्वस्त आणि केबल चांगली, हेच पटतं.

अडतंय ते दोन गोष्टींवर. एक, आपल्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो. लांब ओव्हर दिल्यावर (म्हणजे बटण दाबून बराच वेळ बोललं की) हे छोटे डबे टिकतात का हो, की वरून वेगळा पंखा लावावा लागतो? दुसरं, जवळ तगडं स्टेशन असलं की यांचा रिसीव्हर बहिरा होतो म्हणतात, ते शहरात कितपत जाणवतं? विदर्भात कोणी वापरत असेल तर सांगा. लायसन्सवाल्याकडचा सेकंडहँड यासू असला तरी चालेल, कागदपत्रं मात्र नीट हवीत.