मदत हवी आहे: चंद्रावरचं लिने विवर सापडेना

गच्चीवरचा_गडी: तीन तास डोळा लावून बसलो. नकाशात दाखवलंय तिथं खड्डाच नाही. दुर्बिणीत दोष आहे काय? दुकानदार फोन उचलंना. लवकर सांगा.

शाहूपुरीकर: कुठली दुर्बीण? केवढी? कधी बघितलास? एवढं तरी सांग की भावा.

गच्चीवरचा_गडी: ५२५ पटवाली. राजारामपुरीतनं.

पन्हाळ्याचा_वारा: राजारामपुरीत किती उजेड! पन्हाळ्यावर जा. आम्हाला तिथनं देवयानी दीर्घिका दिसली.

शाहूपुरीकर: चंद्राला कशाला पन्हाळा? रंकाळ्याच्या दिव्यांखालनंबी दिसतोय त्यो. आणि ५२५ हा खोक्यावरचा आकडा. भिंग केवढं ते बोल.

गच्चीवरचा_गडी: ७० मिमी. दूध आटेपर्यंत बघत होतो.

आकाशवेडी: दूध? म्हणजे कोजागिरीला! हे आधी सांगायचं ना दादा. पौर्णिमेला तिथं सावल्याच नसतात, मग खड्डा कळणार कसा? त्यात लिने जेमतेम २.२ किमी रुंद, इथून सव्वा विकलेएवढं (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग). ७० मिमीला दीड विकलेखालचं सुटं दिसत नाही. तिथंच मारे सेरेनिटाटिस या लाव्हाच्या काळपट मैदानात बेसेल विवर आहे, १६ किमीचं. आधी ते शोधा.

विदर्भवासी: त्यापेक्षा लोणारला या. १.८ किमी, तेही लिनेसारखं बेसाल्टातच, म्हणजे लाव्हाच्या खडकात. दुर्बीण नको, गाडी पुरे.

आकाशवेडी: लोणारभोवती उडालेला माल पावसापाण्यानं झिजला. चंद्रावर पाऊस नाही. लिने वयानं कोवळं, म्हणून त्याच्याभोवतीचा फेकलेला माल अजून पांढराफेक आहे. पौर्णिमेला नुसता पांढरा ठिपका दिसतो.

गच्चीवरचा_गडी: ठिपका?? तो दिसला की! भिंगावर डाग पडला म्हणून रुमालानं चारदा पुसलं.

शाहूपुरीकर: रुमालानं?! भिंगाचं वाटोळं केलंस. आधी फुंकणी, मग...

बार्लोप्रेमी: ३एक्स बार्लो लाव, म्हणजे तिप्पट मोठं दाखवणारं जादा भिंग.

शाहूपुरीकर: मोठं आणि धुरकट. ७० मिमीला १४० पटीच्या वर जाऊ नको.

आकाशवेडी: तोच ठिपका लिने. १८६६ मध्ये अथेन्सच्या वेधशाळेतला श्मिट हाच ठिपका बघून म्हणाला होता, विवर नाहीसं झालं! दादा, भाऊबीजेनंतर पाच-सहा दिवसांनी, शुद्ध सप्तमी-अष्टमीला बघा. तिथं तेव्हा ऊन तिरपं पडतं. खड्डा नाही, तरी सावलीची काळी टिकली कदाचित दिसेल. आणि डोळा लावता तिथं काटकोनी आरसा असेल, तर डावं-उजवं उलटं दिसतं. नकाशाही तसाच डावा-उजवा उलटा करून बघा.

गच्चीवरचा_गडी: आरसा हाय. आणि मी नकाशा सरळच धरला व्हता. दुकानदाराला लई बोललो राव, आता त्यानं फोन उचलू नये असं वाटायलंय.

पन्हाळ्याचा_वारा: सप्तमीला पन्हाळ्यावर येतोस काय? झुणका-भाकर माझ्याकडनं.