वनहक्क: आधी कसणाऱ्याचा पट्टा की गावाचे जंगल?

रानवाट
२००६ च्या वनहक्क कायद्याने दोन हक्क मान्य केले. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवरचा वैयक्तिक हक्क, म्हणजेच पट्टा, हा पहिला. तो प्रत्यक्ष कब्जाइतका, पण चार हेक्टरांपेक्षा जास्त नाही. गावाच्या पारंपरिक सीमेतले जंगल राखण्याचा आणि वापरण्याचा सामूहिक हक्क हा दुसरा. ग्रामसभांनी आपले बळ आधी सामूहिक दाव्यामागे लावावे, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्याच्या तोंडावर कणगीतले धान्य संपते, तेव्हा आदिवासी घराला आधार असतो तो कंदांचा, मोहफुलांचा आणि रानभाज्यांचा. आणि ज्याच्या नावावर गुंठाभरही जमीन नाही, त्यालाही त्यात वाटा मिळतो. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा हक्क मिळवला, आणि स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती येण्यासाठी २०११ पर्यंत झगडा केला. ही ताकद एकट्या पट्टेधारकाला कधीच लाभली नसती.

डोंगरउतार
मेंढ्याविषयी मला आदर आहे, परंतु आपला क्रम मला मान्य नाही. नाशिक, पालघरच्या डोंगरात जंगल विरळ आहे आणि घराचे पोट उतारावरच्या नाचणी-वरईवर अवलंबून आहे. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आले. त्यांत कित्येकांचे तळपाय सोलवटले होते. कसत असलेली जमीन नावावर व्हावी, ही त्यांची ठळक मागणी होती. सरकारने प्रलंबित दावे सहा महिन्यांत निकाली काढण्याचे लेखी आश्वासन दिले, तरीही २०२३ मध्ये त्याच मागणीसाठी पुन्हा मोर्चा काढावा लागला. सातबारावर कसणारा म्हणून नाव नसेल, तर पीककर्ज मिळवताना अडचण येते, आणि मग बियाणासाठी सावकाराचे दार उरते. शिवाय वैयक्तिक पट्टा पती-पत्नी दोघांच्या नावे होतो. ज्या घरांत बाईच्या नावावर कधी काहीच नव्हते, तिथे हे मोल फार मोठे आहे.

तिसरी बाजू
दोघांच्याही मांडणीत हक्क मिळाल्यावरचा प्रश्न राहून गेला आहे. सामूहिक हक्कातून गावात पैसा येतो, पण तो आपोआप ताटात पोहोचत नाही. विड्यांसाठीच्या तेंदूपानाचा लिलाव ग्रामसभेने केला, तरी पानांसाठी झाड छाटले जाते, फुटवा यावा म्हणून आग लावली जाते, आणि खाण्याचे फळ धरतच नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावच्या ग्रामसभेने याच कारणांनी तेंदूपाने तोडणे थांबवले आणि बांबूच्या उत्पन्नावर भर दिला. रोख मजुरीवर पाणी सोडण्याचा हा निर्णय ठेकेदार किंवा वनखाते यांच्या हाती असता तर झाला नसता, म्हणून मी सामूहिक हक्काच्या बाजूने आहे; मात्र जंगलात आधी काय खायचे आणि नंतर काय विकायचे, याचा ठराव ग्रामसभेने पहिल्याच वर्षी करावा, अशी माझी अट आहे.

रानवाट
ही अट मी आनंदाने स्वीकारतो. डोंगरउतार यांना एवढेच विचारतो, की पट्टे वाटून झाल्यावर उरलेले जंगल गावाच्या हक्काविना राहिले आणि उद्या खाणीसाठी मागितले गेले, तर आपला पट्टेधारक ते एकटा कसे अडवणार? सरपण, चराई आणि पाणी ही सारी त्याच रानातून येतात.

डोंगरउतार
खाणीचा धोका खरा आहे, पण दावा फेटाळलेल्या कुटुंबाच्या डोक्यावर त्याहून जवळचा धोका आहे. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा कुटुंबांना वनजमिनीवरून हटवण्याचा आदेश दिला होता. त्याच महिन्याच्या अखेरीस त्याला स्थगिती मिळाली, म्हणून ती माणसे आज तिथे आहेत. सामूहिक हक्काचा कागद त्यांच्या शेतावरचा कब्जा वाचवत नाही. नियमांनुसार निर्णयाविरुद्ध ६० दिवसांत दाद मागता येते. परंतु ज्यांना नामंजुरीची कारणे लेखी मिळालेलीच नाहीत, त्यांनी हे दिवस कोणत्या तारखेपासून मोजायचे? ग्रामसभेने आपले बळ सर्वांत आधी ती कारणे मागून घेण्यासाठी लावावे.