मदत हवी आहे: भूकंपाआधीच्या गावाचा आठवणींवरून नकाशा (दहावी झालेल्या मुलीचा सुट्टीतला प्रकल्प)

नमस्कार मंडळी,

माझ्या भाचीची दहावी झाली. लातूरकडच्या रिवाजाप्रमाणे तिच्या बरोबरीची बहुतेक मुलं वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेच्या फाउंडेशन बॅचला बसली आहेत. हिने मात्र घरच्यांकडून ही सुट्टी मागून घेतली. तिला आजीच्या जुन्या गावाचा नकाशा काढायचा आहे.

गाव किल्लारीच्या परिसरातलं. गणपती विसर्जन आटोपून लोक झोपले आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे चारच्या सुमारास सगळं बसलं. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. घरातल्यांना बाहेर पडायला वेळच मिळाला नाही. पुढे लातूर-उस्मानाबादची ५२ गावं नव्या जागी वसवली, त्यातलं हे एक. जुन्या जागेवर आता बाभळी आणि दगडांचे ढीग आहेत.

शाळेने दिलेलं हे काम नाही, गुणही मिळणार नाहीत. म्हणूनच ते नीट व्हावं असं मला फार वाटतं. पेठसांगवी, सास्तूर, किल्लारी, कुठेही विचारा, जुन्या गावात संसार केलेली माणसं आता साठी-सत्तरीच्या पुढे गेलीत.

काम असं चाललंय: सकाळी ऊन चढायच्या आत ती एकेका घरी जाते, कोरा कागद पुढे ठेवते आणि वेस कुठे होती इथून सुरुवात करते. मग चावडी, पार, आड, मारुती, कुणाचा वाडा, कुणाच्या ढाळजेत (दारालगतच्या बैठकीत) माणसं बसायची, धान्याची पेवं कुठे होती. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड होतं. बायकांचे नकाशे पुरुषांच्या नकाशांहून वेगळे निघतात. त्यांच्या कागदावर आड, जातं आणि माहेरवाशिणी बसायच्या त्या ओट्या ठळक असतात, चावडी कोपऱ्यात कुठेतरी. हे तिचं तिलाच दिसलं. मला वाटतं, प्रकल्पाचा जीव इथेच आहे.

आता अडचणी.

पहिली आणि सगळ्यांत अवघड. गल्लीतली घरं सांगता सांगता माणूस गेलेल्यांच्या नावाशी येऊन थांबतो. भाची रेकॉर्डिंग बंद करून शांत बसते. हे बरोबर आहे का? ज्यांनी अशा आठवणी गोळा केल्या आहेत, त्यांनी सोळा वर्षांच्या मुलीला झेपेल असं सांगा. तिने एकटीने जाऊ नये, एवढं मी ठरवलं आहे.

दुसरी. जुन्या गावात गल्ल्या जातीवार होत्या आणि लोक त्या त्याच नावांनी सांगतात. नकाशावर ती नावं लिहायची का? गाळली तर खोटं होईल, लिहिली तर आजच्या गावात कुणाला टोचेल. माझा कल लिहिण्याकडे आहे, पण त्या गल्ल्यांतल्या लोकांना आधी विचारून. नव्या गावात घरं जमिनीप्रमाणे मिळाली: भूमिहीन आणि अल्पभूधारकांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या शेतकऱ्यांना ७५०. त्यामुळे जुना शेजार मोडला. भाचीला जुन्या आणि नव्या गावाचे नकाशे शेजारी ठेवून हे दाखवायचं आहे.

तिसरी. दोन आजोबा आडाची जागा वेगवेगळी सांगतात आणि दोघेही ठाम आहेत. दोन्ही ठेवाव्यात असं माझं मत, तिला मात्र खरी जागा हवी आहे. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात जुन्या गावठाणाचा नकाशा मागायचा तर अर्ज कसा करावा, सोबत काय जोडावं? १९९१ च्या जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत गावाची घरं आणि लोकसंख्या मिळते. त्याआधीची पुस्तिका उस्मानाबादच्या नावाने शोधावी लागेल, कारण लातूर जिल्हा १९८२ साली वेगळा झाला. त्या प्रती जवळपास कुठे पाहायला मिळतील? लातूर, उमरगा किंवा औशाच्या एखाद्या वाचनालयात असल्या तर फार सोय होईल.

आणि एक विनंती. १९९३ च्या आधी या भागातल्या गावांत झालेल्या लग्नांचे फोटो कुणाकडे असतील तर सांगा. नवरा-नवरीच्या मागे भिंत, दरवाजा, गल्लीचं वळण दिसत असेल तरी पुरे. मूळ फोटो नको, मोबाइलवर काढलेली प्रत चालेल. फोटोतल्या घरच्यांची परवानगी मात्र हवी.