शब्दकोड्यात त्याच त्या नटनट्यांची नावे पुन्हापुन्हा का येतात?

प्रश्न: वाचनालयवाली, गुहागर

नमस्कार.

आमच्या वाचनालयाच्या भित्तिपत्रकात दर महिन्याला एक शब्दकोडे असते आणि ते रचण्याचे काम बऱ्याच काळापासून माझ्याकडे आहे. चौकट आखताना मी कितीही ठरवले तरी दोन-तीन घरांच्या मोकळ्या जागी शेवटी नूतन, रेखा, संध्या, रंजना, प्राण यांच्यापैकीच कोणीतरी येऊन बसते. वर्तमानपत्रांतील कोडी चाळली तर तेथेही हीच मंडळी ठाण मांडून असतात. ज्यांची नावे आज घरोघरी घेतली जातात ते शाहरुख किंवा ऐश्वर्या मात्र त्या मानाने क्वचितच भेटतात.

ज्येष्ठ सभासदांना याचे काही वाटत नाही, कारण त्यांना ही उत्तरे तोंडपाठ आहेत. अकरावी-बारावीची मुले मात्र नटनट्यांची घरे कोरी सोडून देतात, आणि त्यांपैकी एकाने तर हे कोडे नसून जुन्या नट्यांचे हजेरीपुस्तक आहे असे मला तोंडावर सांगितले. त्यातच मागील अंकात ‘हिंदी चित्रपटांतील एक अभिनेत्री’ या दोन घरांच्या संकेतावरून वाद झाला. छापलेले उत्तर ‘मीना’ होते, पुष्कळांनी ‘रीना’ लिहिले होते, आणि उभ्या शब्दाने त्यातले फक्त ‘ना’ हेच घर बांधलेले असल्यामुळे दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम राहिले.

ही नावे पुन्हापुन्हा येण्यामागे रचनाकारांची सवय आहे की कोड्याच्या बांधणीतच तसे काही कारण आहे? आणि ही नावे सरळ गाळावीत, असे आपल्याला वाटते का?

उत्तर: मुद्रितशोधक, रत्नागिरी

ताई, सवयीचा भाग असतोच, पण मूळ कारण बांधणीत आहे.

मराठी कोड्यात एका घरात एक पूर्ण अक्षर बसते, म्हणजे काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि जोडाक्षर यांसकट. त्यामुळे नाव किती लांब आहे यापेक्षा त्यातील प्रत्येक अक्षरावरून दुसरा शब्द काढता येतो की नाही, हा रचनाकाराचा खरा प्रश्न असतो. ‘नूतन’ घ्या. पहिल्या ‘नू’वरून खाली ‘नूपुर’ उतरतो, शेवटच्या ‘न’वरून ‘नजर’ उतरते आणि त्या दोघांचे शेवटचे ‘र’ तळाशी ‘रबर’ या आडव्या शब्दाने जोडले जातात. मधले एक घर काळे केले की तीन बाय तीनचा कोपरा पुरा होतो. आता ‘नर्गिस’ घालून पाहा. ‘र्गि’ हे अक्षर, तेही ऱ्हस्व वेलांटीसह, नेहमीच्या किती शब्दांत सापडेल? ‘मार्गिका’ आठवेपर्यंत चहा गार होतो. म्हणून नर्गिस कितीही थोर असली तरी चौकटीत तिला मधल्या घरावरून उभा शब्द जाणार नाही अशीच जागा द्यावी लागते. ‘ऐश्वर्या’चेही तसेच आहे. ‘श्व’साठी ‘विश्व’ किंवा ‘अश्व’, ‘र्या’साठी ‘भार्या’ किंवा ‘दिनचर्या’, आणि मग पर्याय संपत येतात. शाहरुखची अडचण निराळी आहे. छापील मजकुरात ‘रु’ ऱ्हस्वही दिसतो आणि दीर्घही, त्यामुळे त्या घरावरून कोणता उभा शब्द न्यावा याची खात्री देता येत नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचा नियम येथे फार कामाचा आहे. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार आणि उकार दीर्घ लिहितात, म्हणून ‘मधुबाला’मधला ‘धु’ कोणत्याही उभ्या शब्दाच्या शेवटी येऊ शकत नाही. ‘साधू’ त्यावर बसत नाही, ‘मधुर’ आणि ‘धुके’ बसतात. ‘ण’ आणि ‘ळ’ यांचे नेमके उलटे आहे, कारण या अक्षरांनी मराठीत शब्द सुरू होत नाहीत. ‘प्राण’ आडवा घातला तर ‘ण’वर येणारा उभा शब्द वरूनच यावा लागतो, ‘अंगण’ किंवा ‘कारण’ यांसारखा, म्हणून प्राण चौकटीच्या पहिल्या ओळीत सहसा दिसत नाही. विनोदी नट धुमाळ यांना तर दोन्ही नियम एकदम लागू होतात. अशोक, अमोल, उषा, आशा अशा स्वराने सुरू होणाऱ्या नावांच्या पहिल्या घरात उभा शब्दही तेथूनच सुरू करावा लागतो, त्यामुळे ही नावे वरच्या ओळीत किंवा एखाद्या काळ्या घराखाली सापडतात.

याउलट ‘सुलोचना’ हे नाव म्हणजे रचनाकाराला लागलेली लॉटरी आहे. चारही अक्षरांवरून खाली शब्द निघतात: सुपारी, लोणचे, चवळी, नारळ. अर्थात चारही एकदम उतरवता येत नाहीत, एकाआड एक घ्यावे लागतात, पण निवडीला एवढा वाव देणारे दुसरे नाव शोधून दाखवा. ‘वनमाला’ही तसेच सोपे आहे.

दुसरे कारण अर्थाचे. नूतन, रेखा, संध्या, साधना, सीमा, वर्षा, राखी, प्राण, देव हे सगळे कोशातलेही शब्द आहेत, त्यामुळे संकेत दोन बाजूंनी देता येतो. ‘सीमा’ म्हणजे हद्द, रमेश देव यांच्या सहधर्मचारिणी, आणि ज्यात नूतनने काम केले तो १९५५ सालचा हिंदी चित्रपटही. एका शब्दाला तीन दारे असली की सोडवणारा कुठूनतरी आत शिरतो.

म्हणून नावे गाळू नका, संकेत सुधारा. ‘एक अभिनेत्री’ हा संकेतच नव्हे. दोन घरांत मीना, रीना, नंदा, रेखा, राखी, जया, हेमा, तब्बू या सगळ्याजणी बसतात. ‘पाकीजा’ची नायिका म्हटले असते तर मीना, ‘नागिन’ची म्हटले असते तर रीना, आणि भांडण मिटले असते. तसे करायचे नसेल तर निदान ‘मी’ हे घर तरी उभ्या शब्दाने बांधून घ्यावे. ‘मीठ’ आहे, ‘मीटर’ आहे.

उत्तर: अलिबागकर

वरील विवेचनात एक भर घालतो. मी इंग्रजी शब्दकोडी नेमाने सोडवतो आणि तेथेही हाच प्रकार आहे, कारण मात्र वेगळे आहे.

इंग्रजीत एका घरात एकच वर्ण येतो, आणि अमेरिकी पद्धतीच्या चौकटीत प्रत्येक वर्ण आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही शब्दांत असलाच पाहिजे असा दंडक आहे. (ब्रिटिश पद्धतीत तो नाही, तेथे साधारण निम्मी घरे एकाच बाजूने बांधलेली असतात आणि आपल्याकडील बरीच कोडी त्या वळणाची आहेत.) त्यामुळे अमेरिकी रचनाकाराला आखूड आणि स्वरांनी भरलेली नावे लागतात. एव्हा गार्डनर, उमा थर्मन, आयडा ल्युपिनो, ऊटा हेगन यांची पहिली नावे रोमन लिपीत लिहून पाहा. प्रत्येकात तीनच वर्ण, स्वर, व्यंजन, पुन्हा स्वर, म्हणजे ती कुठेही खपतात. ऊटा हेगन ही मुख्यतः रंगभूमीवरची अभिनेत्री, पण तिचे एकही काम न पाहिलेल्या माणसालाही ती कोड्यांमुळे ठाऊक असते. १९३४ च्या ‘द थिन मॅन’ या चित्रपटातील कुत्र्याचे नाव आस्टा, रोमन लिपीत चार वर्णांचे. त्याचा मालक आणि मालकीण यांना लोक विसरले, आस्टा मात्र अजून कोड्यांत शेपूट हलवतो आहे. म्हैसूर संस्थानातील माहुताचा मुलगा साबू, जो १९३७ च्या ‘एलिफंट बॉय’पासून प्रसिद्ध झाला, तोही तेथला जुना रहिवासी आहे. सांगायचा मुद्दा असा की कोड्यातील जागा लोकप्रियतेवर मिळत नाही.

उमा हे नाव दोन्ही भाषांत चालते ही एक गंमत. आपल्याकडे ‘पार्वती’ किंवा ‘अभिनेत्री भेंडे’ असा संकेत देता येतो, तिकडे थर्मन.

आणखी एक योगायोग येथे नोंदवून ठेवतो. आर्थर विन यांचे पहिले शब्दकोडे न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्रात २१ डिसेंबर १९१३ रोजी छापले गेले, आणि फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ मुंबईत ३ मे १९१३ रोजी प्रदर्शित झाला. आपला चित्रपट आणि शब्दकोडे एकाच वर्षाची भावंडे आहेत.

उत्तर: भरतीओहोटी, कणकवली

मुद्रितशोधक काकांचे बांधणीचे म्हणणे पटले, परंतु एका बाबतीत माझा मतभेद आहे. मी ताईंच्या त्या अकरावी-बारावीच्या मुलांच्या जवळपासच्याच वयाचा आहे, म्हणून त्यांची बाजू मांडतो.

नाव जुने असण्याला आमची हरकत नाही. ‘संध्या’ हा शब्द मला येतोच. अडते कोठे, तर संकेत केवळ ‘पिंजरा’ची नायिका एवढाच असतो आणि मी १९७२ चा तो चित्रपट पाहिलेला नसतो. अशा वेळी काकांनी सुचवलेले ‘नागिन’ आणि ‘पाकीजा’ हे संकेतही मला सारखेच परके. संकेतात ‘तिन्हीसांज’ हा शब्द पुढे आणि ‘पिंजरा’ मागे ठेवला तर मला उत्तर सुटते आणि शांताराम यांच्या चित्रपटांत या नावाची अभिनेत्री होती हे जाता जाता कळते. ‘रेखा’साठी ‘ओळ; उमराव जान साकारणारी’, ‘नूतन’साठी ‘नवे; बंदिनीची नायिका’ असे जोडसंकेत देता येतात. मीना, रीना यांच्यासारखी जी नावे आपल्या रोजच्या बोलण्यात शब्द म्हणून येत नाहीत, ती वापरायचीच असतील तर त्यांची सर्व घरे दोन्ही बाजूंनी बांधलेली असावीत, एवढेच मागणे आहे. आणि त्यांना छेदणारा उभा शब्द पुन्हा दुसऱ्या नटाचे नाव नसावा. ‘निम्मी’वरून ‘शम्मी’ उतरवला तर ‘म्मी’ ओळखणार कोण? दोन्ही नावे माहीत नसलेल्याला तेथे मार्गच राहत नाही.

नव्या नावांतही चांगला माल आहे. ‘सई’ पाहा. ‘ई’ हे अक्षर अवघड वाटते, पण आई, ताई, जुई, शाई असे वरून खाली येऊन ‘ई’वर थांबणारे शब्द भरपूर आहेत. ‘आलिया’मधल्या ‘लि’वर ‘लिलाव’ बसतो, आणि मासळीच्या लिलावाचा संकेत आमच्याकडे कोणालाही सुटेल. ‘रिंकू’ मात्र जड जाते, ‘रिंगण’ सोडल्यास फार काही हाती लागत नाही.

शिवाय आपल्या किनाऱ्याचे एक भांडवल कोणी वापरत नाही, ते म्हणजे ‘कर’ने संपणारी आडनावे. मातोंडकर, शिरोडकर, पाटेकर. शेवटची दोन घरे ‘क’ आणि ‘र’ अशी मिळाली की त्यांवर वाटेल ते बसते. मातोंड हे गाव वेंगुर्ले तालुक्यातले, म्हणून ‘सिंधुदुर्गातील गावावरून आडनाव असलेली ऊर्मिला’ असा संकेत द्यावा. चित्रपट पाहिला नसला तरी गाव ठाऊक असते. नाना तर मुरुड-जंजिऱ्याचेच, आणि ‘नाना’चा अर्थ ‘अनेक प्रकारचे’ असाही होतो.

प्रश्नकर्ती: वाचनालयवाली, गुहागर

सर्वांचे आभार. पुढील अंकासाठी चौकट नव्याने आखत आहे. कोपऱ्यात नूतन-नूपुर-नजर-रबर जसेच्या तसे घेते. ‘सई’ला ‘जुई’ने बांधले आहे. भरतीओहोटी यांच्या सूचनेप्रमाणे दोन नावे एकमेकांना छेदणार नाहीत असे पाहिले. ‘रंजना’ आता ‘करंजी’ला छेदते आणि ‘राखी’च्या दुसऱ्या घरात वरून ‘सखी’ उतरते. ‘वनमाला’ ठेवली आहे. तिला ‘श्यामची आई’ हाच संकेत पुरेसा आहे, कारण साने गुरुजींचे पालगड आमच्या शेजारच्या तालुक्यात आहे आणि शाळेतल्या मुलांनाही तो चित्रपट दाखवला जातो.

एकच शंका उरते. ‘सुलोचना’ ठेवायची तर कोणती? मूकपटांच्या काळातील रूबी मायर्स यांनीही हेच नाव घेतले होते, आणि त्यांना १९७३ चा दादासाहेब फाळके पुरस्कार मिळाला होता. आपल्या वाचकांच्या मनात मात्र सुलोचना लाटकरच आहेत.

उत्तर: मुद्रितशोधक, रत्नागिरी

दोघींनाही घ्या. ‘रूबी मायर्स यांचे पडद्यावरील नाव, लाटकरांचेही हेच’ असा संकेत लिहिला म्हणजे उत्तर एकच राहते आणि कोणाला आक्षेप घेता येत नाही. भित्तिपत्रकात एवढी लांब ओळ मावत नसेल तर ‘सुंदर डोळ्यांची’ एवढे पुरे, म्हणजे भरतीओहोटी यांचेही समाधान होईल. ‘रंजना’ आणि ‘संध्या’ एकाच अंकात येणार असतील तर मात्र रंजनाचा संकेत ‘संध्या यांची भाची’ असा देऊ नका. नाते खरे आहे, पण एका उत्तरावर दुसरे अवलंबून ठेवले तर एक चुकताच दुसरेही जाते. त्यापेक्षा ‘चानी’ लिहा, त्या चित्रपटाला कोकणाचीच पार्श्वभूमी आहे.