अटारी एसटीच्या पीआरजीतून सिम्बॉल टेबल काढताना नावं सरकतात

दादर_६८के
जुन्या फ्लॉपीच्या इमेजमधून (अख्ख्या डिस्कची प्रत, ७३७२८० बाइट) अटारी एसटी या जुन्या संगणकाची एक पीआरजी (प्रोग्रामची फाइल) मिळाली. सोर्स नाही, त्यामुळे हॅटारी या एसटी एम्युलेटरच्या डीबगरमध्ये नावांऐवजी नुसते आकडे दिसतात. २८ बाइटचं हेडर ६०१ए ने सुरू होतं, टेक्स्ट (म्हणजे कोड) ६४०० बाइट, डेटा १२००, सिम्बॉल टेबल (नावं आणि त्यांचे पत्ते) १९६०. म्हणून २८ + ६४०० + १२०० = ७६२८ पासून पायथनच्या स्ट्रक्टने '८एस एच आय' वाचतोय. पहिलं नाव बरोबर येतं, दुसऱ्याची पहिली २ अक्षरं गायब, तिसऱ्याची ४. पत्ते तर कोट्यवधींत!

ठाणेकर_हेक्स
२-२ ने सरकतंय यातच उत्तर आहे. एक नोंद १४ बाइटची असते: नाव ८, प्रकार २, किंमत ४. फॉरमॅटच्या आधी '>' नसेल तर पायथन आयच्या आधी २ बाइट भर घालतो आणि १६ वाचतो. हेडरला '>' लावलं असणार, इथे विसरलात. एसटीचा ६८००० प्रोसेसर बिग-एन्डियन आहे (मोठा बाइट आधी), पीसी उलटं वाचतो, म्हणून पत्तेही फुगले. १९६० भागिले १४ बरोबर १४०, म्हणजे टेबल डीआरआय (डिजिटल रिसर्च) पद्धतीचंच दिसतंय.

दादर_६८के
सुटलं! पण लांब नावं ८ अक्षरांवर तुटतात आणि लगेच पुढे एक कचरा नोंद येते.

गिरगाव_बायनरी
तो कचरा नाही, नावाचं शेपूट आहे. प्रकाराचा खालचा बाइट हेक्स ४८ असेल तर पुढचे १४ बाइट नावाचेच धरायचे, एकूण २२ अक्षरं. उदा. ए२४८: ८००० व्याख्या केलेलं, २००० ग्लोबल, ०२०० टेक्स्ट, वर ४८. ०४०० म्हणजे डेटा, ०१०० म्हणजे बीएसएस (सुरुवातीला रिकामी असलेली जागा). ४००० असेल तर तो नुसता स्थिरांक. खरा पत्ता काढायला बाकीच्या किमतींत बेस मिळवतात, पण यात मिळवाल तर फसाल. अर्थात १४० नोंदी म्हणजे १४० सिम्बॉल नव्हेत.

बेस म्हणजे बेसपेजच्या (लोड झालेल्या प्रोग्रामच्या आधी बसणारा माहितीचा तुकडा) पुढे २५६ बाइट, टेक्स्ट तिथून सुरू होतो. डेटा सिम्बॉलचं गणित लिंकरप्रमाणे (प्रोग्रामचे तुकडे जोडणारं साधन) बदलतं. तुमच्या फाइलमध्ये सगळ्यात लहान डेटा किंमत ६४०० किंवा वर असेल तर मोजणी टेक्स्टच्या सुरुवातीपासून आहे. शून्याच्या आसपास असेल तर डेटाच्या सुरुवातीपासून.

ठाणेकर_हेक्स
खरं तर स्क्रिप्टची गरजच नाही. फाइल इमेजबाहेर एका फोल्डरमध्ये ठेवा, तो फोल्डर हॅटारीला जेमडॉस (एसटीची फाइल-व्यवस्था) हार्डडिस्क म्हणून द्या, प्रोग्राम चालू करा, मग डीबगरमध्ये 'सिम्बॉल्स पीआरजी'. फ्लॉपी इमेजवरून चालवलात तर मूळ फाइल कुठे आहे हे हॅटारीला कळत नाही. आणि प्रोग्राम लोड व्हायच्या आधी हा हुकूम दिलात तर टेक्स्टचा पत्ताच ठरलेला नसतो.

पुढच्या फाइलसाठी: हेडरच्या १४व्या ऑफसेटवर शून्य असेल तर टेबल नाही. पॅकरने दाबलेल्या फाइलमध्ये सहसा असंच दिसतं, आधी ती उघडावी लागेल.

गिरगाव_बायनरी
एक राहिलं. ७३७२८० आकार भरला म्हणजे सगळे सेक्टर (डिस्कचे ५१२ बाइटचे तुकडे) नीट वाचले असं नव्हे. आपल्या पावसाळ्यात फ्लॉपीला बुरशी लागतेच, आणि इमेज काढणारे काही डंप प्रोग्राम न वाचलेल्या सेक्टरच्या जागी गुपचूप शून्यं भरतात. टेबलाच्या मधेच सलग ५१२ शून्यं दिसली तर स्क्रिप्टला दोष देऊ नका. ड्राइव्हचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा (लॅमिंग्टन रोडवर मिळेल) आणि इमेज पुन्हा काढा.