दशांश द्यायचा तो भीतीपोटी का?

पिंपरीकर:
सर्वांना सलाम. गेल्या रविवारी चर्चमध्ये उपदेशाला बायबलमधलं मलाखी ३:१० घेतलं होतं, कमाईचा दहावा भाग म्हणजे दशांश देवाला आणा, असं सांगणारं वचन. दशांश न देणारा देवाला ठकवतो, मग घरात आजारपण आणि नोकरीत अडचणी येणारच, असं सांगितलं. माझा पगार २२,०००. त्यात खोलीभाडं, किराणा दुकानाची तीन महिन्यांची उधारी. तरी पाकिटात २,२०० घालून दिले. हप्ता भरल्यासारखं वाटलं. याला आज्ञापालन म्हणायचं का?

शेवगावची मावशी:
बाळा, बायबलमधलं पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र काढ, आठवा अध्याय. पौल यरुशलेमेतल्या गरीब बांधवांसाठी वर्गणी गोळा करतोय. येशूने पाठवलेला प्रेषितच तो, हुकूम सोडू शकला असता. पण हे मी हुकूम म्हणून सांगत नाही म्हणतो आणि पुढच्याच वचनात येशूकडे वळतो: तो धनवान असून तुमच्यासाठी दरिद्री झाला. शापाचं नावही नाही. जक्कय या श्रीमंत जकातदाराचंही बघ. प्रभू आधी त्याच्या घरी उतरला. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, हे जक्कय नंतर बोलला, कुणी न मागता.

माझी आई १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जायची. संध्याकाळी मिलो ज्वारीचं लाल पीठ परातीत घेतलं की मळायच्या आधी एक मूठ काढून डालड्याच्या डब्यात टाकायची. डबा भरला की शेजारच्या आजारी म्हातारीकडे जायचा. आमच्या ताटात अर्धी भाकरी. एकदा मी चिडून विचारलं, नाही दिलं तर देव मारील का? हात पिठातच ठेवून आई म्हणाली, "मारंल कशाला? त्यानं लेकीवानी जवळ घेतलंय मला."

नगरचा मास्तर:
मावशींचं पटतं. पण मन भरून येण्याची वाट बघत बसलो तर माझा महिना संपतो, म्हणून मी एक तारखेलाच बाजूला काढतो. त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात पौल मनात ठरवल्याप्रमाणे द्या म्हणतो, म्हणजे ठरवणं आलंच. त्याच वचनात खेदाने नको, भाग पडतं म्हणून नको, हेही आहे. ते मात्र मला विसरायला होतं.

पिंपरीकर:
मावशी, मग या महिन्यात काय करू?

शेवगावची मावशी:
आधी दुकानदाराची उधारी फेड. त्यालाही पोरंबाळं आहेत, त्याचे पैसे थकवून पाकीट भरू नको. रात्री लूकचा एकोणिसावा अध्याय, जक्कयाचा, सावकाश वाच. मग जे द्यावंसं वाटेल ते दे, पन्नास रुपये असले तरी.